प्लाझ्मा पडद्यावर चित्राची छाप का राहते, आणि ती कारखान्यात कशी कमी केली जायची

तुमचे प्रश्न दोन. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या तुमच्या मंडळाच्या हॉलमध्ये ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही आहे. दिवसभर त्यावर बातम्या चालतात आणि संध्याकाळी फुटबॉल लावला की हिरव्या मैदानावर चॅनेलचा लोगो आणि खालची पट्टी उमटलेली दिसते. ती घालवता येईल का, हा पहिला प्रश्न. दुसरा तुमच्या डिप्लोमाच्या सेमिनारचा: सर म्हणाले, ‘फॉस्फर जळतो, म्हणून चांगला फॉस्फर वापरायचा, झालं.’ कारखान्यात खरंच एवढंच करायचे का, हे तुम्हाला हवंय.

एवढंच नव्हतं. माझ्या मते फॉस्फर, म्हणजे किरण पडले की रंगीत उजेड देणारी पूड, हा या विषयाचा निम्मासुद्धा भाग नाही. मी बरीच वर्षं व्हॅक्यूम कोटिंगमध्ये काढली आणि नंतर शाहूपुरीत पडद्यांच्या दुरुस्तीत आलो, त्यामुळे या गोष्टीच्या दोन्ही बाजू हाताखालून गेल्या आहेत. छाप कमी करण्यासाठी प्लाझ्मा कारखान्यांनी खरी मेहनत घेतली ती दोन ठिकाणी: पुढच्या काचेवरचा मॅग्नेशियम ऑक्साइडचा जेमतेम पाऊण मायक्रॉनचा थर, आणि पॅनेलमध्ये कोंडलेल्या वायूची शुद्धता. फॉस्फरचं नाव सगळे घेतात, कारण तो डोळ्यांना दिसतो.

आधी पडद्याचा एक कप्पा (सेल) डोळ्यांसमोर आणा. ८५२ गुणिले ४८० पिक्सेलच्या ४२ इंची पॅनेलमध्ये लाल, हिरवे, निळे मिळून १२ लाख २६ हजार ८८० कप्पे असतात. एका कप्प्याची रुंदी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, आणि पुढच्या-मागच्या काचांमधलं अंतर साधारण ०.१२ मिलिमीटर. आत निऑन आणि थोडा झेनॉन, वातावरणाच्या दाबापेक्षा कमी दाबाने भरलेला. पुढच्या काचेवर दोन समांतर इलेक्ट्रोड, त्यांच्यावर काचेचा विद्युतरोधक थर, आणि त्यावर मॅग्नेशियम ऑक्साइड. मागच्या काचेवर कोणता कप्पा पेटवायचा ते ठरवणारे ॲड्रेस इलेक्ट्रोड, भिंती आणि भिंतींमध्ये फॉस्फर. पुढच्या दोन इलेक्ट्रोडांना दोनशे व्होल्टच्या आसपासचे पल्स दिले की वायूत ठिणगी पडते, झेनॉनमधून १४७ आणि १७३ नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात, ते फॉस्फरवर पडतात आणि आपल्याला रंग दिसतो. ठिणगी विझताना विद्युतरोधक थरावर भार साठून राहतो आणि पुढचा पल्स त्या भाराच्या मदतीने कमी व्होल्टेजवर पेटतो. १९६४ साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी जो पडदा बनवला, त्याचं मर्म या साठणाऱ्या भारातच होतं.

आता छापेकडे येऊ. सगळे कप्पे सारखेच म्हातारे झाले तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पडदा थोडा मंद होतो इतकंच. छाप दिसते ती शेजारच्या दोन कप्प्यांमध्ये फरक पडला म्हणून. एकाने आठ तास पांढरा लोगो दाखवला, दुसरा काळा बसून राहिला. सरळ कड असेल तर एक-दोन टक्क्यांचा फरकही डोळा पकडतो. म्हणून कारखान्यापुढचा प्रश्न ‘कप्पा किती वर्षं टिकेल’ यापेक्षा ‘पेटलेला आणि न पेटलेला कप्पा यांच्यात फरक पडू नये यासाठी काय करायचं’ हा होता. सेमिनारची सुरुवात इथून करा, पुढचं सगळं सुसंगत लागेल.

हा फरक दोन ठिकाणी पडतो. पहिलं ठिकाण फॉस्फर: किरणांनी, आयनांच्या माऱ्याने आणि उष्णतेने तो मंद होतो. दुसरं ठिकाण मॅग्नेशियम ऑक्साइडचा पृष्ठभाग: सतत पेटणाऱ्या कप्प्यात तो बदलतो आणि ठिणगी पडण्याचं व्होल्टेज वेगळं होतं. दोन्ही ओळखता येतात. पडदा पूर्ण काळा केल्यावर जुनं चित्र किंचित उजळ दिसत असेल तर बहुधा पृष्ठभाग बदललेला आहे. काळ्या चित्रातही प्रत्येक फ्रेमला कप्प्यांमध्ये एक छोटी ‘रीसेट’ ठिणगी पाडली जाते, आणि जिथे व्होल्टेज उतरलंय तिथे ती थोडी जोरात पडते. पडदा पूर्ण पांढरा केल्यावर जुनं चित्र मंद किंवा रंग बिघडलेलं दिसत असेल तर संशय फॉस्फरवर.

तिसरीही एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. आयनांच्या माऱ्याने मॅग्नेशियम ऑक्साइडचे कण उडतात आणि शेजारच्या कप्प्यांत, फॉस्फरवरसुद्धा, जाऊन बसतात. त्यामुळे छाप कधी कधी मूळ चित्राच्या कडेबाहेर, किनारीसारखी दिसते. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात क्युंगपूक नॅशनल युनिव्हर्सिटी आहे, तिथे या विषयावर बरंच काम झालं. पेटलेल्या भागातून उडालेलं मॅग्नेशियम शेजारी जमतं, हा त्यांच्या मांडणीतला महत्त्वाचा भाग आहे.

मग मॅग्नेशियम ऑक्साइड वापरायचेच कशाला? निऑनचा आयन त्यावर आदळला की इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतात, त्यामुळे ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते. तो पारदर्शक आहे. आणि माऱ्यापुढे बहुतेक ऑक्साइडांपेक्षा चांगला टिकतो, खालच्या काचेच्या थराला सांभाळतो. दोष एकच, पण मोठा: त्याला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड फार लवकर चिकटतो. पृष्ठभागावर हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट तयार होतात. आपल्याकडच्या जुलै महिन्यात ताजा थर उघड्यावर ठेवून बघा, दुसऱ्या दिवशी त्याचे गुण वेगळे मिळतात. ज्यांनी कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे काम केलंय, त्यांना डेसिकेटरची, म्हणजे नमुना कोरडा ठेवणाऱ्या बंद भांड्याची, किंमत सांगावी लागत नाही.

हा चिकटलेला मळ पॅनेलमध्ये बंद झाला की छापेची बीजं पेरली गेलीच. पेटणाऱ्या कप्प्यात आयनांचा मारा तो मळ हळूहळू उडवतो, पृष्ठभाग स्वच्छ होतो, व्होल्टेज उतरतं. उडालेली पाण्याची वाफ आणि कार्बनी वायू बाहेर जाऊ शकत नाहीत, ते शेजारच्या थंड कप्प्यांत जाऊन बसतात. एक स्वच्छ, एक मळकट, आणि तुमचा लोगो उमटला.

म्हणून पहिला उपाय हा थर चढवतानाचा. साधारणपणे इलेक्ट्रॉन बीमने मॅग्नेशियम ऑक्साइडच्या गोळ्या तापवून वाफ काढायचे आणि ती दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसवर ठेवलेल्या काचेवर बसवायचे. चेंबरमध्ये थोडा ऑक्सिजन सोडायचे. चढण्याचा वेग, काचेचं तापमान आणि वायूचा दाब यांवर थराची रचना ठरते. स्फटिकांची दिशा १११ (स्फटिकातल्या एका ठरावीक पातळीची खूण) मिळाली तर इलेक्ट्रॉन चांगले सुटतात. थर पोकळ, खांबांखांबांचा झाला तर त्या फटींत ओलावा मुरतो आणि भाजूनही पूर्ण निघत नाही. दाट बसला तर कमी शोषतो आणि कणही कमी उडतात. थरात सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम अशी अगदी अल्प भेसळ मुद्दाम करूनही पाहिली गेली. स्ट्रॉन्शियम-कॅल्शियम ऑक्साइडचे थर तर आणखी कमी व्होल्टेजवर चालतात, पण त्यांना हवा अजिबात सोसत नाही. ते वापरायचे तर कोटिंगपासून सीलिंगपर्यंतची, म्हणजे दोन्ही काचा जोडून बंद करेपर्यंतची, सगळी लाइन कोरडी हवी. कागदावर उत्तम दिसणारं साहित्य कारखान्यात अडतं ते असं.

पायोनियरने मॅग्नेशियम ऑक्साइडच्या थरावर त्याच पदार्थाचे बारीक स्फटिककण पसरण्याची पद्धत आणली. त्या कणांमधून इलेक्ट्रॉन सुटत राहतात, ठिणगी पडायला उशीर होत नाही, म्हणून रीसेट खूप हलका ठेवता येतो. त्याची जाहिरात गडद काळ्या रंगासाठी झाली, आणि ती खरीच होती. पण वर सांगितलेला हिशेब लावा: काळ्या पडद्यावरची छाप रीसेटच्या उजेडात दिसते, म्हणजे तो उजेड घटला की छापही कमी दिसणार.

आता सीलिंग. माझं सगळ्यात जास्त सांगणं याबद्दल आहे, कारण पॅनेलचं नशीब इथे ठरायचं आणि पुस्तकांत याला दोन ओळी मिळतात.

मागच्या काचेवर फॉस्फर बसवताना तो एथिल सेल्युलोजसारख्या बाइंडरमध्ये (पूड धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थात) आणि द्रावकात कालवून, पेस्ट करून छापायचे. मग पाचशे अंशांच्या आसपास भाजून बाइंडर जाळायचे. तुमचे वडील शिरोलीच्या फाउंड्रीत आहेत असं लिहिलंय तुम्ही, त्यांना विचारा: कोअरमधला (साच्यातल्या वाळूच्या गाभ्यातला) बाइंडर नीट भाजला नाही तर त्याचा वायू कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळी, पाडतो. इथेही तसंच, फक्त वायू धातूऐवजी कप्प्यांत सुटतो आणि पॅनेल विकल्यानंतरही सुटत राहतो. पण भाजणं वाढवलं तर निळा फॉस्फर बिघडतो. म्हणून तापमान, वेळ आणि भट्टीतली हवा किती कोरडी, हे तिन्ही एकत्र सांभाळावे लागायचे.

यानंतर दोन्ही काचा समोरासमोर ठेवून कडेने काचेच्या फ्रिटची (कमी तापमानाला वितळणाऱ्या काचेच्या पुडीची) पेस्ट लावायचे आणि साधारण साडेचारशे अंशांवर ती वितळवून जोड बंद करायचे. पारंपरिक पद्धतीत हे साध्या हवेत व्हायचं. या तापमानाला फ्रिट, भिंती आणि फॉस्फर यांतून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि समोर मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यावर ताजा मॅग्नेशियम ऑक्साइड तो पिऊन घ्यायला तयार! मग कोपऱ्यातल्या बारीक काचनळीतून पंपाने आतली हवा ओढायची. व्हॅक्यूमचं काम केलेल्या माणसाला ही भूमिती बघून घाम फुटेल. जवळजवळ मीटरभर रुंद पोकळी, जाडी ०.१२ मिलिमीटर, आत हजारो भिंती, आणि बाहेर पडायला एक नळी. पंप कितीही मोठा लावा, वायू त्या चिंचोळ्या वाटेनेच येणार. त्यामुळे पॅनेल साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवत तासन्‌तास पंप चालवत ठेवायचे. पॅनेलं पंपासकट गाड्यांवर चढवून बोगद्यासारख्या भट्टीतून हळूहळू पुढे सरकवली जायची. वेळ वाचवायचा मोह इथेच सगळ्यात मोठा, कारण भट्टी आणि वीज दोन्ही महाग.

उजेड वाढावा म्हणून पुढे भिंती चौकोनी, चारही बाजूंनी बंद केल्या गेल्या. कप्प्यात फॉस्फरसाठी जास्त जागा मिळाली, पण हवा ओढण्याची वाट आणखी आवळली. त्यावर तोड म्हणून आडव्या भिंती उभ्यांपेक्षा किंचित बुटक्या ठेवल्या, म्हणजे वरून वायूला वाट राहते. मला हा उपाय फार आवडतो.

यापुढचा टप्पा म्हणजे सीलिंगच कोरड्या वायूच्या प्रवाहात किंवा थेट व्हॅक्यूममध्ये करणं. दोन्ही काचा वेगवेगळ्या असतानाच भाजल्या तर वायू चिंचोळ्या फटीऐवजी मोकळ्या पृष्ठभागावरून निघून जातो. मग तिथेच जोडायच्या, हवा लागूच द्यायची नाही. वर सांगितलेल्या कोरियन गटाने व्हॅक्यूममध्ये सील केलेली पॅनेलं तपासली, तर आतला मळ कमी होता आणि छापही कमी राहत होती. शिवाय पॅनेलमध्ये गेटर ठेवण्याचीही पद्धत होती, म्हणजे उरलासुरला वायू शोषून धरणारा झिर्कोनियमच्या मिश्रधातूसारखा पदार्थ. गेटर उपयोगी खराच, पण भाजण्यात केलेली घाई तो भरून काढत नाही.

वायू भरून नळी वितळवून बंद केली की एजिंग. सगळे कप्पे एकदम पेटवून, नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेजवर, पॅनेल काही तास चालवायचं. आयनांच्या माऱ्याने पृष्ठभाग धुऊन निघतो, व्होल्टेज झपाट्याने उतरतं आणि मग स्थिरावतं. स्थिरावल्यावरच पॅनेल बाहेर जायला हवं. कारण उताराच्या मधेच ते ग्राहकाकडे गेलं तर उरलेली एजिंग ग्राहकाच्या हॉलमध्ये होते, आणि तिथे पडदा पूर्ण पांढरा नसतो, लोगो असतो. नवा प्लाझ्मा घेतल्यावर पहिले शंभर-दोनशे तास कॉन्ट्रास्ट कमी ठेवा आणि स्थिर चित्र टाळा, असा सल्ला असायचा. त्यात तथ्य होतं. उलट एजिंग अति केली तर फॉस्फर विक्रीआधीच थकतो. सीलिंग जितकं स्वच्छ, तितकी एजिंग कमी लागते, म्हणून सीलिंगवरचा खर्च इथे वसूल होतो.

आता तुमच्या सरांचा फॉस्फर. त्यात सगळ्यात मोठी उडी रसायनात नव्हती, ती रचनेत होती. सुरुवातीच्या रंगीत पॅनेलमध्ये ठिणगी समोरासमोरच्या काचांमध्ये पडायची, म्हणजे आयन थेट फॉस्फरवर आदळायचे. फुजित्सूमध्ये त्सुताए शिनोदा यांनी तीन इलेक्ट्रोडांची अशी रचना विकसित केली, की मुख्य ठिणगी पुढच्या काचेलगत दोन इलेक्ट्रोडांमध्येच पडते आणि फॉस्फर मागच्या काचेवर, माऱ्यापासून दूर राहतो. १९९२ मध्ये फुजित्सूने २१ इंची रंगीत पडदा आणला आणि पुढचे सगळे प्लाझ्मा पडदे याच वाटेने गेले.

रसायनात कमकुवत दुवा निळा. बेरियम-मॅग्नेशियम-ॲल्युमिनेटमध्ये द्विसंयुजी युरोपियम असतं. हवेत भाजताना त्यातलं काही त्रिसंयुजी होऊन निळा उजेड घटतो. शिवाय त्याच्या थरदार स्फटिकरचनेत पाणी शिरतं. उपाय: कणांवर ऑक्साइडचं पातळ आवरण, घटकांच्या प्रमाणात बदल, आणि भट्टीतली हवा कोरडी. हिरव्याचा त्रास वेगळा. झिंक सिलिकेटच्या पृष्ठभागावर ऋण भार बसतो, त्यामुळे हिरव्या कप्प्याची ठिणगी लाल-निळ्यासारखी वागत नाही. म्हणून त्यात टर्बियमवाला बोरेट मिसळायचे. लालचा फारसा त्रास नव्हता.

पॅनासॉनिकने नंतरच्या पॅनेलसाठी एक लाख तासांनी उजेड निम्मा, असा दावा केला होता. असले आकडे सेमिनारमध्ये जपून वापरा. उजेड निम्मा व्हायला लागणारा वेळ वेगळा आणि दोन शेजारी कप्प्यांत टक्काभर फरक पडायला लागणारा वेळ वेगळा.

उष्णतेचंही एक वाक्य हवं. लोगोखालची काच आजूबाजूपेक्षा तापते, आणि तापमान बदललं की ठिणगीचं वागणं आणि फॉस्फरचा उजेड दोन्ही बदलतात. म्हणून मागच्या काचेवर ग्राफाइटचा पत्रा किंवा उष्णता वाहून नेणारा पॅड चिकटवून मगच ॲल्युमिनियमची चौकट बसवायचे, म्हणजे उष्णता आडवी पसरते. दुरुस्तीत मागचा पॅड सुटलेली पॅनेलं मी पाहिली आहेत. त्या भागात छाप लवकर बसते आणि उशिरा जाते.

चित्र हळूच इकडेतिकडे सरकवणं, स्थिर चित्राचा उजेड आपोआप उतरवणं, ही सर्किटची कामं झाली. ती फरक पसरवतात, घालवत नाहीत.

आता तुमचा टीव्ही. रात्री हॉल अंधारा करून पूर्ण काळा, मग पूर्ण पांढरा पडदा लावा. काळ्यावर उजळ लोगो दिसत असेल आणि हलतं, रंगीत, पूर्ण पडद्याचं चित्र काही तास चालवल्यावर तो फिकट होत असेल, तर पृष्ठभागाची छाप आहे, निघेल. कॉन्ट्रास्ट उतरवा आणि बातम्यांचा चॅनेल सलग ठेवू नका. पांढऱ्यावर पिवळसर लोगो दिसत असेल आणि आठवड्याने तसाच असेल, तर निळा फॉस्फर गेलाय. बोर्ड बदलून तो परत येत नाही, आणि पॅनेल उघडून दुरुस्त होत नाही. प्लाझ्मा पॅनेलचं उत्पादन मोठ्या कंपन्यांनी २०१४ पर्यंत थांबवलं, त्यामुळे नवं पॅनेल कुणी देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. मागचं झाकण स्वतः उघडू नका, बंद टीव्हीतही सस्टेनच्या (कप्पे पेटते ठेवणाऱ्या सर्किटच्या) कपॅसिटरांत जीवघेणा भार राहू शकतो.

सेमिनारला एक प्रयोग जोडायचा असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात पातळ थरांवर जुनं आणि चांगलं काम आहे, तिथे विनंती करून बघा. मॅग्नेशियम ऑक्साइडचे दोन नमुने घ्या, पण काचेवर नको, सिलिकॉनच्या चकतीवर, कारण इन्फ्रारेड आलेख काढताना काच निम्मा भाग गिळते. एक नमुना डेसिकेटरमध्ये, एक पावसाळी हवेत उघडा. आठवड्याने आलेखात ३७०० प्रति सेंटीमीटरच्या जवळ हायड्रॉक्साइडची आणि १४०० ते १५०० मध्ये कार्बोनेटची खूण शोधा. मग उघडा नमुना व्हॅक्यूममध्ये साडेतीनशे अंशांवर भाजून पुन्हा आलेख काढा. हायड्रॉक्साइडची खूण बरीच उतरायला हवी, कारण मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड याच तापमानाच्या आसपास मोडतं. कार्बोनेट जास्त चिवट असतं, त्याला याहून अधिक उष्णता लागते, आणि जोडलेलं पॅनेल तितकं तापवलं तर कडेचं फ्रिटच मऊ पडतं. म्हणून कार्बोनेट नंतर काढायचं ठरवून चालत नाही, ते सीलिंगच्या आधीच होऊ द्यायचं नसतं. तुमच्या सरांना हे दोन आलेख दाखवा.